काठाचा हिशेब

(धानोरा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना माझ्यापेक्षा तुम्ही जास्त जवळून ओळखत होता. त्यांच्याविषयी मी बोलणं म्हणजे आगाऊपणा होईल. त्यांना आवडला असता असा एखादा विषय नीट मांडावा, एवढंच माझं काम.

विषय आहे पाणथळ जागांचा. हा शब्द निघाला की वर्तमानपत्रांतून समुद्रकिनारा डोळ्यांपुढे येतो. ठाण्याची खाडी, उरणची खाजणं, भरावाखाली गेलेली खारफुटी, रोहित पक्ष्यांचे फोटो. धानोऱ्याला यातलं काय आहे? इथे समुद्र नाही, खाडी नाही, खारं पाणी तर नाहीच. पण आपली कठाणी गडचिरोलीजवळ वैनगंगेला मिळते. वैनगंगा चपराळ्याला वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत जाते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते तिथे कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. त्या जंगलाखालच्या चिखलात आपल्या डोंगरांवरची मातीही आहे. तेव्हा नात्याचा प्रश्न नाही. पण मला त्याहून जवळचं साम्य सांगायचं आहे, आणि त्यासाठी उरणपासून सुरुवात करतो.

उरण-पनवेलच्या खाडीकाठचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या खाजणात मासे, चिंबोऱ्या, कालवं धरत आले. त्या चिखलाचा सातबारा त्यांच्या नावावर नव्हता. बंदर आलं, भराव पडला, भरतीच्या वाटा बुजल्या. ज्याची जमीन गेली त्याला थोडाफार तरी मोबदला मागता आला. ज्याचा चिखल गेला, त्याने काय दाखवायचं? हे कोळी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. 27 फेब्रुवारी 2015 रोजी लवादाने 1,630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. पैशाच्या आकड्यापेक्षा मला त्यामागचं तत्त्व मोठं वाटतं. कागदावर ज्याची मालकी नाही, पण जगणं ज्यावर आहे, ते नष्ट झालं तर तेही नुकसानच, हे तिथे मान्य झालं.

आता हाच प्रश्न आपल्या तलावांना विचारू या.

तलाव कोणी बांधले, कशासाठी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी कागदात ते माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात मामा तलाव. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन देण्याचं धोरण ठेवलं. हीरशहा राजाचं नाव त्यासाठी आजही घेतलं जातं. अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात याच नावाची वस्ती आहे. कोहळी समाजातल्या लोकांनी पाळ घालण्याचं, पाणी अडवण्याचं शास्त्र हातात बसवलं. नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. जिथे मोठा तलाव जमला नाही, तिथे शेताच्या वरच्या अंगाला बोडी, म्हणजे लहान तळी, खोदली. जंगलातून उतरणारं पाणी आधी वरच्या बोडीत, तिथून बांधीत म्हणजे धानाच्या शेतात, बांधीतून खालच्या तलावात, अशी साखळीच होती. पाळ, तुडुम (पाणी सोडायचं दार), सांडवा, पाट हे शब्द इथल्या शेतकऱ्याला शाळेत शिकावे लागत नाहीत.

आपल्याकडे पाऊस कमी पडत नाही. वर्षाला चौदाशे-पंधराशे मिलिमीटर म्हणजे मराठवाड्याच्या दुप्पट. अडचण आहे ती त्याच्या वेळेची. रोवणी उरकते, धान गर्भात येतं, आणि नेमका तेव्हा पाऊस पंधरा-वीस दिवस दडी मारतो. त्या एका पाण्यावर वर्षाचं धान ठरतं. ते शेवटचं पाणी देण्यासाठी तलाव होता. म्हणून अभियंत्यांनी त्याला सिंचनाचं साधन म्हटलं, आणि तेही चूक नाही.

पण तलावाचं काम दसरा-दिवाळीला संपत नसे. पाणी शेताला दिलं की तलाव मागे सरकू लागतो. रोज वीतभर काठ उघडा पडतो, आणि तो उघडा पडणारा काठ उन्हाळ्यापर्यंत गावाला काही ना काही देत राहतो. ओल्या गाळात गाळपेर होते. गवत उगवतं, त्यावर गुरं चरतात. ढिवर, म्हणजे मच्छीमार बांधवांची जाळी पडतात. उथळ पाण्यात शिंगाडा, कमळाचे कंद, आपोआप उगवणारं देवधान. कुंभाराला माती. बायांना संध्याकाळच्या कालवणापुरते झिंगे, खेकडे, गोगलगायी, पालेभाजी. ही यादी सिंचनाच्या नोंदवहीत कुठेच सापडत नाही, कारण त्यातल्या कशाचीही पट्टी वसूल होत नाही.

भरलेला तलावही मेलेला असू शकतो

माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. पाणथळ जागेचा जीव तिच्या उथळ काठात असतो, आणि गावातल्या सगळ्यात गरीब माणसाचा वाटाही त्याच काठात असतो. म्हणून काठ गेला की त्याचं दुःख आधी त्याच्या घरात शिरतं, आणि सर्वांत शेवटी सरकारी आकड्यात.

हे कसं घडतं ते माशांवरून पाहू. मरळ, मांगूर, शिंगी हे आपले मासे पाण्यावर येऊन हवा घेऊ शकतात. उन्हाळ्यात पाणी आटलं तरी चिखलात तग धरतात. पहिला मोठा पाऊस पडला, सांडव्यावरून पाणी वाहू लागलं, की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. भरलेल्या बांध्यांत, गवताच्या आडोशाला अंडी घालतात. पिल्लं पाण्याबरोबर पुन्हा तलावात येतात. या सगळ्याला तीन गोष्टी लागतात: उथळ पाणी, पाण्यातल्या वनस्पती, आणि शेत-तलावामधली मोकळी वाट. बियाणं विकत आणावं लागत नाही.

मग उत्पादन वाढवायचं ठरलं. रोहू, कटला, मृगळ आले. हे मासे वाहत्या नदीत वाढलेले, साठलेल्या तलावात ते पिल्लं घालत नाहीत. म्हणजे दरवर्षी मत्स्यबीज विकत घ्यायचं आणि संस्थेने त्यासाठी पैसा उभा करायचा. त्यांच्या जोडीला गवत्या मासा आला. तो पाण्यातल्या वनस्पतीच खातो, आणि देशी माशाचं घरच संपतं. वजनकाट्यावर उत्पादन वाढलेलं दिसतं. पण रोहू मोठा झाला की बाजारात जातो. पोराच्या ताटात पडणारा, काट्यासकट खाल्ला जाणारा बोटभर मासा मात्र नाहीसा होतो. हाडं मजबूत करणारा चुना आणि डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व त्या बोटभर माशातच होतं. कुपोषणाच्या प्रश्नावर या जिल्ह्यात इतकी चर्चा होते. त्या चर्चेत तलावाचा काठ क्वचितच येतो.

दुसरं उदाहरण बेशरमाचं. उष्ण अमेरिकेतून कुंपणासाठी आणलेलं हे झुडूप. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनी लावलं, आणि गुरं तोंड लावत नाहीत म्हणूनच ते तलाव गिळत गेलं. त्याची फांदी पाण्यात पडली तरी रुजते. जिथे चराई होती, गाळपेर होती, तिथे बेशरमाची भिंत उभी राहिली. बांध्यांवर फवारलेलं औषध पाटाने तलावात उतरतं, ते वेगळंच.

तिसरं उदाहरण चांगल्या हेतूचं आहे, म्हणून जास्त काळजीचं. गाळ काढण्याच्या योजना आल्या. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना राज्यभर राबवली गेली. गाळ काढायलाच हवा, तो शेतात गेला तर उत्तमच. पण पोकलेनला वेळ कमी आणि घनमीटर जास्त हवे असतात. काठापासून उभा उतार घेऊन सरळ खोल खणलं की तलावाचा हौद होतो. पाणी जास्त मावतं, अहवालात साठा वाढलेला दिसतो. पण कंबरभर, गुडघाभर, घोटाभर अशा पाण्याच्या पायऱ्या उरत नाहीत. कंद नाही, देवधान नाही, अंडी घालायला जागा नाही. पूर्वी गुरं उतरत होती तिथे आता त्यांचा पाय घसरतो.

राखणदार कुठे गेला

मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या काळाचे गोडवे गाण्याची मला इच्छा नाही. पाळ बांधणाऱ्या हातांना वेठबिगारही होती, आणि मालगुजाराचा शब्द हाच कायदा होता. पूर्व भागात रांगी, मुरूमगाव अशा जमीनदाऱ्या होत्या, त्यांचीही तीच तऱ्हा. ती व्यवस्था जायलाच हवी होती. तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याच्या 1950 च्या कायद्याने मालकी हक्क रद्द झाले, 31 मार्च 1951 पासून मालगुजाऱ्या, जमीनदाऱ्या सरकारजमा झाल्या, आणि त्यांच्याबरोबर तलावही. विदर्भ पुढे मुंबई राज्यात आणि 1960 ला महाराष्ट्रात आला. 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, लहान तलाव त्यांच्याकडे गेले. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा झाला, पुन्हा दप्तरं हलली.

या सगळ्या उलथापालथीत लोकांचे निस्तार हक्क, म्हणजे रोजच्या गरजेपुरतं जंगल-पाणी वापरण्याचे हक्क, कागदावर राहिले. हरवली ती कामाची वाटणी. उन्हाळ्यात पाळीवर माती कोणी टाकायची, तुडुम कोणी उघडायचं, कोणाच्या बांधीला आधी पाणी, मासे कोणत्या दिवशी धरायचे, हे ठरवणारी बैठक बंद पडली. दुरुस्ती निविदेची वाट पाहू लागली. आज एका तलावाकडे किती खाती पाहतात बघा. पाणी लघुसिंचनाचं, जमीन महसुलाची, मासे सहकारी संस्थेचे आणि त्यांच्यावर मत्स्यव्यवसाय खातं, वरचं पाणलोट वनखात्याचं. प्रत्येकाची फाइल स्वतंत्र, आणि एकाही फाइलमध्ये अख्खा तलाव मावत नाही.

त्यात आपलीही चूक झाकून चालणार नाही. तलावाच्या पोटात बांध्या काढणारे बाहेरून आले नव्हते. ज्यांच्याकडे बैलजोडी, माणसं, थोडं वजन होतं, त्यांनी काठ आत ढकलला. शहरांत तेच सिमेंटने झालं. चंद्रपूरच्या गोंडकालीन रामाळा तलावात सांडपाणी आणि जलपर्णी इतकी वाढली, की 2021 च्या सुरुवातीला पर्यावरण कार्यकर्ते बंडू धोतरे यांना उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे साफसफाईला गती आली.

नदीचीही गत वेगळी नाही. पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण झालं. पाण्याची पातळी चढली, नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून येऊन त्या साठलेल्या पाण्यात मिसळू लागलं. नदीकाठचे ढिवर पूर्वी ऋतूप्रमाणे डोह बदलत मासे धरत. वाहतं पाणी थांबलं, आणि त्या ज्ञानाचा उपयोग थांबला. शेत बुडालं तर पंचनामा होतो. डोह बुडाला तर पंचनाम्यात कोणत्या रकान्यात लिहायचं, हा उरणचाच प्रश्न वैनगंगेच्या काठावरही उभा आहे.

कायदा कुठे हात सोडतो, कुठे धरतो

जगाने पाणथळ जागांची व्याख्या 1971 साली इराणमधल्या रामसर गावी केली. त्यात नैसर्गिक आणि मानवनिर्मित दोन्ही जागा येतात. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी या रामसर जागा आहेत. आपल्या तलावांच्या मुलखातली एकही नाही. ते एकवेळ सोडा. आपल्या देशाच्या 2017 च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यपालनासाठी बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळले आहेत. धानाची शेतंही वगळली आहेत. वनकायद्यांखाली येणाऱ्या जागाही या नियमांबाहेर. म्हणजे धानोऱ्याचा तलाव सिंचनाचा म्हणून एकदा वगळला आणि वनात आहे म्हणून दुसऱ्यांदा. दुसरीकडे, उपग्रहाच्या आधारे केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशात तलाव मोजलेले आहेत. त्या नकाशातल्या सव्वादोन हेक्टरहून मोठ्या 2,01,503 जागांना संरक्षण द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. आपल्या बहुतेक बोड्या त्याहून लहान. त्या कुठल्याच जाळ्यात सापडत नाहीत.

पण इथे धानोरा उरणपेक्षा नशीबवान आहे. कोळ्यांना लवादापर्यंत जाऊन जे सिद्ध करावं लागलं, ते तुमच्यासाठी कायद्यातच लिहिलेलं आहे. हा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 चा पेसा कायदा सांगतो, की अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन योग्य पातळीवरच्या पंचायतीकडे असावं. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले आणि ग्रामसभेला बळ दिलं. 2006 चा वनहक्क कायदा तर आणखी स्पष्ट आहे. त्याच्या कलम 3 मध्ये निस्तार हक्क आहे, आणि मासे व पाण्यातल्या इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क शब्दशः लिहिलेला आहे. कलम 5 पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचं काम हक्कधारकांवर आणि ग्रामसभेवर सोपवतं. हक्क आणि जबाबदारी एकाच कायद्यात.

याचा उपयोग कसा करायचा, हे शिकायला तुम्हाला लांब जायला नको. धानोऱ्यापासून गडचिरोलीच्या रस्त्याला लागलं की मेंढा लेखा येतं. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं, त्यातून या गावाची जाण घडत गेली. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने अभ्यासगट आणि सर्वसहमतीची शिस्त लावून घेतली. 2009 मध्ये सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तोडून विकण्याच्या हक्काचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, 2011 मध्ये बांबू-वाहतुकीच्या पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पण कठाणीत विष टाकून मासे मारण्याचा विषयही याच ग्रामसभेने हाताळला होता, हे कमी लोकांना माहीत असतं. विष टाकलं की मोठ्याबरोबर पिल्लंही मरतात, आणि पुढच्या वर्षी उपाशी राहायचं असतं, हा हिशेब बसून केला की बंदीला पोलीस लागत नाही.

तलावाच्या बाबतीत असंच काम भंडारा-गोंदियात झालं. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी आधी ढिवरांकडून शिकून घेतलं: कोणती वनस्पती कोणत्या खोलीला, कोणता मासा कोणत्या वनस्पतीपाशी. पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या मच्छीमारांचं ज्ञान हाच त्या कामाचा पाया. मग उन्हाळ्यात बेशरम मुळासकट काढायचं, उघडा पडलेला गाळ नांगरायचा, पाऊस आला की देशी पाणवनस्पती लावायच्या. वनस्पती परतल्या, त्यांच्यामागे देशी मासे परतले, पक्षीही परतले. शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर स्त्रिया पुढे झाल्या आणि पुरुषांच्या संस्थांना प्रश्न विचारू लागल्या: मासे विकायला आम्ही, मग सभासद यादीत आम्ही का नाही? तलावाची दुरुस्ती झाली त्या गावांत माणसांच्या नात्यांचीही थोडी दुरुस्ती झाली, ती या प्रश्नामुळे.

ग्रामसभेपुढे चार कामं

उपदेश करून थांबणं मला पटत नाही, म्हणून चार ठोस कामं तुमच्यापुढे ठेवतो.

पहिलं, प्रत्येक गावाने आपल्या तलावाची आणि बोड्यांची नोंदवही करावी. साठा किती, हे लघुसिंचनवाले लिहितातच. गावाने काठ लिहावा: कोणत्या महिन्यात पाणी कुठपर्यंत, तिथे काय उगवतं, काय धरतात, कोण नेतं. ही माहिती बायांना आणि ढिवरांना विचारल्याशिवाय पुरी होणार नाही. शाळेच्या मुलांना हे काम द्या, उत्तम होईल. उद्या नुकसानीचा दावा करायची वेळ आली तर हीच वही पुरावा ठरेल.

दुसरं, सामूहिक वनहक्काचा दावा करताना किंवा झालेल्या दाव्याचा व्यवस्थापन आराखडा करताना तलाव, बोड्या, डोह नावानिशी लिहा. जंगल लिहिलं आणि पाणी राहून गेलं, असं बऱ्याच आराखड्यांत होतं.

तिसरं, गाळ काढायला यंत्र आलं तर ग्रामसभेने खुणा मारून द्याव्यात. खोल कुठे, उथळ कुठे, अंडी घालण्याची वाट कुठली, मातीला किती उतार. पाळीजवळ खोल, आणि वरच्या अंगाला उथळ, हा जुन्या बांधणाऱ्यांचा नियम ठेकेदाराला ठाऊक नसतो. त्याला तो ठरावातून सांगावा लागतो.

चौथं काम सगळ्यात अवघड. तलावाच्या पोटातलं अतिक्रमण गावानेच काढायचं, आणि तेही न्यायाने. पोटासाठी दोन बांध्या काढणारा भूमिहीन आणि दहा एकर असून काठ ढकलणारा यांना एकच माप लावू नका. पहिल्याला काठातला दुसरा हक्क द्या: मासे, शिंगाडा, गाळपेर. दुसऱ्याला फक्त मागे सरकायला सांगा.

सरकारकडेही एक मागणी व्हायला हवी. पाणथळ नियमांतून सिंचनाचे तलाव वगळण्यामागे तर्क असेल तो नव्या धरणांना लागू पडेल. शतकानुशतकं वनस्पती, मासे, पक्षी आणि माणसं ज्यात रुजली, ते तलाव त्याच पंक्तीत बसवता येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा वर्ग हवा, आणि त्या वर्गाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे हवं. ही मागणी मुंबईत बसून कोणी करणार नाही. ज्यांच्याकडे नोंदवही आहे, त्यांनाच ती पुराव्यासह करता येईल.

तलावात पाणी किती आहे, हे सांगायला मोजपट्टी पुरते. त्यावर किती चुली चालतात, हे फक्त गावाला सांगता येतं. ते गावाने लिहून ठेवलं नाही, तर पुढचा आराखडा त्या चुली नाहीतच असं धरून केला जाईल. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.